वाकड्याचा जबडा

त्या नराला आमच्या घरात तीन नावं होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं की कुणालाच काही कळलेलं नाही.

माझा थोरला भाऊ हिल्मार त्याला पाद्री म्हणायचा, कारण गळ्यावर रुंद पांढरा पट्टा. हिल्मारचा मुलगा कर्टिस त्याला 'तो नवा' म्हणायचा. आणि मी म्हणायचे वाकड्या, कारण मला दिसत होतं ते तेवढंच. उजवं शिंग देखणं, चार फाट्यांचं, आणि डावं म्हणजे कानाजवळून खाली वळलेला नुसता एक सुळा. कुणीतरी रागानं पिळून ठेवल्यासारखा.

त्याचा फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला, म्हणजे अर्धं हरीण आणि अर्धं हरणांना मका टाकायला टांगलेलं पिंप. मी भट्टीतून बिस्किटं काढत होते आणि बापलेक माझ्या पाठीमागे भांडत होते. नवरा गेल्यापासून मी इथं भावाकडेच राहते, आणि तेव्हापासून या दोघांची सगळी भांडणं माझ्याच पाठीमागे होतात. का, ते देवालाच ठाऊक.

"हा पाद्री आहे," हिल्मार म्हणाला. "आठ वर्षांचा. तळ्यापाशी दरवर्षी बघतोय मी त्याला. आता उतरणीला लागला, शिंगांनी दगा दिला. यंदा काढायचा."

"पपा, पाद्री दोन हिवाळे झाले कुणाला दिसलेला नाही. मेला असणार तो. हा वेगळा आहे, तीन-चार वर्षांचा पोरगा. राहू द्या त्याला. पुढच्या वर्षी डावं शिंगही नीट येईल."

"येईल? तुझ्या सासऱ्यानं सांगितलं वाटतं?"

"सासऱ्यांना मध्ये आणू नका."

"मी कुठं आणतोय? तेच येऊन बसतात दर रविवारी, जेवायच्या वेळेला."

मला हसू आलं, पण मी पाठमोरी होते म्हणून निभावलं.

आमच्या टेकड्यांवर माती कमी आणि दगड जास्त. चारा जेवढा उगवतो तेवढाच उगवतो. हरणं वाढू दिली तर सगळीच हडकतात, पाडसं उन्हाळ्यात मरतात. म्हणून दर हिवाळ्याच्या तोंडाशी काही नर गोळी घालून काढावे लागतात. ज्यांचं वय सरलं ते, आणि ज्यांच्यापासून चांगली वीण होणार नाही ते. तरुण आणि चांगला असेल तर हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी फुटतात, म्हणजे शिंगांवरून ओळखावं तर मागच्या वर्षीची ओळख यंदा उपयोगाची नाही. कुठला राखायचा आणि कुठला काढायचा हे या रँचवर वडिलांच्या मागे हिल्मारच ठरवत आला. शेजारपाजारचे लोकसुद्धा आपल्या हरणांचे फोटो घेऊन त्याच्याकडे यायचे.

बिस्किटं टेबलावर येईपर्यंत मला कळलं की भांडण हरणाचं नव्हतंच.

"पपा, यंदापासून नर मी ठरवतो," कर्टिस म्हणाला. एवढा दांडगा माणूस, पण नजर बशीत. "आणि पिकअपची किल्ली माझ्याकडे द्या. बंदुकांच्या कपाटाची पण."

हिल्मारनं बिस्किटाला लोणी लावलं. अगदी कडेपर्यंत, सावकाश. मग म्हणाला, "का?"

"तुम्हाला माहीत आहे का ते."

मलाही माहीत होतं. उन्हाळ्यात हिल्मारकडून दोन कुरणांमधलं फाटक उघडं राहिलं आणि बैल नको त्या गाईंमध्ये गेले. त्याचं एवढं काही नाही, फाटक मीसुद्धा विसरते. पण नंतर एकदा हिल्मार चाऱ्याच्या दुकानासमोर पिकअपमध्ये बसून राहिला, भर उन्हात, इंजिन चालू ठेवून. दुकानदारानं काच वाजवून विचारलं तर म्हणाला, एडना कापड बघायला गेलीय, तिची वाट बघतोय. एडना म्हणजे त्याची बायको. तिला पुरून कितीतरी वर्षं झाली. ते कापडाचं दुकानही बंद पडलं. दुकानदारानं कर्टिसला फोन केला, आणि कर्टिसनं मला गोठ्यामागे नेऊन हे सांगितलं आणि रडला.

आणि त्याच आठवड्यात हाच हिल्मार जनावरांच्या बाजारात गेला आणि कुंपणाबाहेरून, लांबून, कळपातलं एक वासरू दाखवून म्हणाला, त्याला घेऊ नका, त्याच्या फुफ्फुसात पाणी आहे. निघालं पाणी. मग माणसानं काय समजायचं? डोकं शाबूत आहे का नाही? मी रोज सकाळी एक ठरवायचे आणि जेवणापर्यंत ते उलटं व्हायचं.

"ठीक आहे," हिल्मार म्हणाला. त्यानं हात पुसले आणि फोटोवर बोट ठेवलं. "मी म्हणतो हा आठ वर्षांचा. जबडा म्हाताऱ्याचा निघाला तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. पोराचा निघाला तर किल्ल्या मी स्वतःच्या हातानं इथं ठेवीन. या टेबलावर."

कर्टिसनं बराच वेळ फोटोकडे बघितलं. "मी म्हणतो साडेतीन," तो म्हणाला. "पण मारणार कोण?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"मी का म्हणून?"

"तू कुणाच्याच बाजूची नाहीस, टांटे," कर्टिस म्हणाला. आत्याला आमच्याकडे टांटे म्हणतात.

"आणि तुझा नेम कर्टिसपेक्षा बरा आहे," हिल्मार म्हणाला.

वा रे वा! मला कुणी विचारलं होतं का, मी कुणाच्या बाजूची आहे ते?

आमच्या घरात वडिलांपासून एक रीत आहे. हरणाचं खरं वय दाढांवरून कळतं, बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. म्हणून मारायच्या आधी ज्यानं त्यानं आपापला आकडा मोठ्यानं बोलून दाखवायचा. मारल्यावर ज्याची गोळी त्यानंच जबडा काढायचा, एकट्यानं उकळून साफ करायचा आणि जेवणाच्या वेळी बशीत आणून ठेवायचा. तोवर बाकी कुणी त्या हरणाच्या तोंडात डोकवायचं नाही. वडील म्हणायचे, आधी डोकावलं की माणसं आपला आकडा बदलतात आणि वर देवाशपथ सांगतात. नंतर तो जबडा शेडमध्ये छताखालच्या तारेला लटकतो. वडिलांच्या वेळचेही आहेत तिथं. वारा आला की खुळखुळतात, लहानपणी मला भीती वाटायची.

मचाणावर हिल्मार माझ्याबरोबर आला. पिकअप त्यानंच चालवली, आणि उत्तम चालवली. ओढ्यातल्या दगडांवरून मला साधा धक्का बसला नाही. फाटक उघडलं, लावलं, साखळी दोनदा ओढून बघितली आणि खिडकीत तोंड घालून म्हणाला, "बघितलंस ना? सांग जाऊन तुझ्या भाच्याला."

"मी कशाला सांगू? मी कुणाच्याच बाजूची नाही."

"अस्सं!" म्हणून हसला.

मग मचाणावर बसल्यावर त्यानं थर्मास काढला आणि पिशवीतून कप काढले. तीन कप.

मी कपांकडे बघितलं. "तिसरा कुणाला?"

"एखादा पडतो, हाताशी असावा," हिल्मार म्हणाला. म्हणाला आणि दोन कपांत कॉफी ओतली. आता हे खरं होतं का? मचाणावरून कप पडतात, हे खरंच आहे. मागच्याच वर्षी माझा पडला होता. पण तिसरा कप पिशवीतून काढताना त्याचा चेहरा क्षणभर असा झाला की आपण इथं कशाला आलोय हेच त्याला उमगलं नाही. का मलाच तसं वाटलं? मी कॉफी प्यायले. कॉफी झकास होती.

उजाडल्यावर माद्या आल्या, पाडसं आली, आणि मग ओकच्या झाडांमधून वाकड्या बाहेर आला.

"आला म्हातारा," हिल्मार कुजबुजला.

मी दुर्बीण लावली. आणि काय सांगू, पहिल्या नजरेत मला तो म्हाताराच वाटला. मान छातीत बुडालेली, पोट लोंबतंय, पाठ मध्ये खचलेली. मला इतकं बरं वाटलं! मग तो चार पावलं चालला आणि बाजूनं दिसला, तर पाय लांबलचक, काटकुळे. पोरासारखे. पोट गेलं कुठं? मग मान. पण नोव्हेंबरात नर माजावर येतात, माना सगळ्यांच्याच फुगतात, पोरगासुद्धा बैलासारखा दिसायला लागतो. मग तो वळला आणि पुन्हा म्हातारा झाला. मी दुर्बीण खाली ठेवून डोळे चोळले.

"काय झालं?" हिल्मार म्हणाला.

"काही नाही. धुकं आलंय काचेवर."

"पट्टा बघ गळ्यावरचा. पाद्रीच तो. चालतोय कसा बघ, सांधे धरलेत त्याचे."

मी चाल बघितली. सांधे नव्हते धरलेले. मागचा उजवा पाय तो किंचित जपून टाकत होता. फक्त तोच एक. बाकीचे तीन फुलासारखे पडत होते.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. हरणाचा मागचा एक पाय मोडला आणि जुळला, तर पुढं शिंग वाकडं येतं ते दुसऱ्या बाजूचं. उजवा पाय, डावं शिंग. असं का, ते मला नाही सांगता येणार, पण असतं तसं. रक्तात खोट नसते आणि वयाशी त्याचा संबंध नसतो. नर उत्तम असतो, फक्त दुखावलेला. असा नर काढायचा नाही. हे मला कुणी शिकवलं? हिल्मारनं. मी चौदा-पंधरा वर्षांची असताना, याच ओढ्याच्या काठी. आणि आता तोच हिल्मार माझ्या शेजारी बसून त्याच पायाकडे बघत होता आणि म्हणत होता, सांधे धरलेत.

बोलावं का? 'हिल्मार, मागचा पाय बघ,' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं आणि तो म्हणाला असता, 'पायाचं काय?' तर? तर मला कळलं असतं. आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. आणि समजा तो विसरलेला नसेल, त्याला दुसरंच काही दिसत असेल जे मला दिसत नाही, तर? चाळीस वर्षांत तो किती वेळा चुकला? बोटांवर मोजण्याइतका. आणि मी? मी तर कालच खिडकीतून कर्टिसच्या सासऱ्यांच्या गाडीला टपालवाला समजले.

बंदूक खांद्याला लावली तेव्हा मला खरोखर समजेना की मी नेम कुणावर धरलाय. हरणावर, का भावावर, का कर्टिसवर. वाकड्या मका खात होता, त्याला कशाचा पत्ता नव्हता.

"मार, लिओना," हिल्मार हळूच म्हणाला. तसाच, मी लहान असताना म्हणायचा तसा.

मी मारलं.

का मारलं ते विचारू नका. त्यानं सांगितलं म्हणून. तो बरोबर असावा असं मला फार वाटत होतं म्हणून. झालं.

पिकअपमध्ये चढवताना मागचा उजवा पाय माझ्याच हातात आला. गुडघ्याखाली हाडावर गाठ होती, लिंबाएवढी, जुनी, घट्ट जुळलेली. मी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि हिल्मारकडे बघितलं. त्यानं शिंगं धरली होती आणि मान पलीकडे वळवली होती, तोंडाकडे नजर जाऊ नये म्हणून. रीत ती रीत.

घरी आल्यावर तो शेडच्या दारापर्यंतही आला नाही. "तुझं काम तू कर," म्हणाला आणि ओसरीवर आपल्या खुर्चीत जाऊन बसला. कर्टिस बाजाराला गेला होता, जेवायला येणार होता.

मी सोलायच्या आधी तोंडच उघडलं. पुढची दाढ जराशी झिजलेली, मागच्या दोन अजून टोकदार, बोट टोचेल अशा. साडेतीन. लहान मुलानंही सांगितलं असतं.

मला असा राग आला! हिल्मारचा, कर्टिसचा, त्या मेल्या वाकड्याचा, त्याला काय नडलं होतं त्या सकाळी मका खायला? एक चांगला नर गेला. पुढच्या वर्षी आख्ख्या टेकडीवर त्याच्यासारखा नसता. आणि आता ते तोंडातलं बघून माझा भाऊ टेबलावर किल्ल्या ठेवणार, आणि मग घराबाहेर जायचं तर मुलाला विचारून. हिल्मार! ज्यानं आमच्या वडिलांचं प्रेतसुद्धा स्वतःच्या पिकअपमधून नेलं, दुसऱ्या कुणाला चालवू दिलं नाही.

मी वर बघितलं. तारेवर जबडे लटकत होते.

स्टूल घेतलं, चढले, आणि मागच्या रांगेतला एक उतरवला. दाढा अगदी हिरडीपर्यंत झिजलेल्या, वाटीसारख्या खोल. आठ तर नक्कीच, जास्तच असेल. पिवळा पडला होता. मी दोन्ही एकाच पातेल्यात उकळले. पिवळ्याला चरबी चोळली, बेचक्यात थोडं मांस अडकवलं, मी घाईत साफ केल्यावर राहतं तसं. वाकड्याचा पुसून एप्रनच्या खिशात टाकला.

जेवायला सॉसेज होते, आंबट कोबी होता, बटाट्याचं सॅलड होतं. कर्टिस आला, हात धुतले, टोपी काढली. प्रार्थना झाली. मी बशी मध्ये ठेवली.

कर्टिसनं जबडा उचलून खिडकीकडे धरला. बघितलं. पुन्हा बघितलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला.

"आठ," तो म्हणाला. "नऊसुद्धा असेल. पपा, मी चुकलो." आणि मग हसलाच. हरलेला माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. "चुकलो मी, पपा! तुमचं बरोबर. किल्ल्या ठेवा तुमच्याकडेच, मी एक अक्षर बोलणार नाही पुन्हा."

"आण इकडे," हिल्मार म्हणाला.

त्यानं चष्मा लावला. दाढा बघितल्या, मान डोलावली. मग जबडा उलटा केला आणि अंगठा खालच्या कडेनं फिरवत नेला. एका जागी अंगठा थांबला. तिथं हाडाला एक फुगवटा होता. मला तो दिसलाच नव्हता.

"हा मोठ्या ओढ्यावरचा," हिल्मार म्हणाला. "दुष्काळाच्या वर्षीचा. दाढेत पू झाला होता त्याच्या. एडना म्हणाली, बिचाऱ्याची दाढ दुखत असणार, म्हणून एवढा चिडका आहे. मी मारला तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

कर्टिसचं हसू विझलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. खुर्ची जवळ घेतली आणि आजारी माणसाशी बोलतात तसं, अगदी हळू म्हणाला, "पपा, हा आज सकाळचा आहे. टांटेनं आत्ता मारला. तुम्ही तिच्याबरोबर होतात. आठवतंय ना?"

हिल्मार गोंधळला. माझ्या डोळ्यांसमोर गोंधळला. त्यानं जबड्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. अंगठा त्या फुगवट्यावरच होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"लिओना," तो म्हणाला. "हा आज सकाळचा आहे?"

त्यानं भांडणाच्या आवाजात नाही विचारलं. मी जे सांगीन ते तो मानणार होता. मी हो म्हटलं असतं तर किल्ल्या राहिल्या असत्या त्याच्याकडे, पण आपल्या अंगठ्यावर त्यानं पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता. आणि त्या आख्ख्या टेबलावर त्याचाच अंगठा तेवढा खरं बोलत होता. कपाळ माझं! मी त्याला वाचवायला गेले आणि त्याला वेडा ठरवून बसले.

"नाही," मी म्हटलं. "तुझं बरोबर आहे. तो एडनाच्या दुखऱ्या दाढेवालाच आहे."

आणि मी खिशातून वाकड्याचा जबडा काढून टेबलावर ठेवला.

हिल्मारनं पहिला जबडा बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्याला खिडकीपाशी न्यायचीही गरज पडली नाही.

"साडेतीन," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मागचा पाय?"

"उजवा."

"मोडलेला?"

"जुळला होता. गाठ होती हाडावर."

"मग डावं शिंग वाकडं येणारच की." तो माझ्याकडे असा बघत होता जसं मीच काहीतरी विसरले होते. "तुला शिकवलं होतं मी. मग तू बोलली का नाहीस?"

मी सॉसेजचं ताट उगाच पुढं सरकवलं.

हिल्मारनं खिशात हात घातला. पिकअपची किल्ली, कपाटाची किल्ली, दोन्ही एकाच कडीत. त्यानं ती बशीच्या शेजारी ठेवली. "चांगलं जनावर मारवलं मी तुझ्या हातून," तो म्हणाला. "आणि तुला माझ्यासाठी खोटं करावं लागलं. पुरे झालं."

मग कोबी वाढून घेतला आणि जेवला. जेवण होईपर्यंत कर्टिसनं किल्ल्यांना हात लावला नाही. त्यानं म्हाताऱ्या नराचा जबडा उचलला आणि म्हणाला, "पपा, हा कुठं मारला म्हणालात?" हिल्मारनं सगळं सांगितलं, ओढ्याची वळणं, वारा कुठून होता, एडना काय काय बोलली. एक गोष्ट चुकली नाही. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, याचं डोकं तर माझ्यापेक्षा धड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी टाकत होते तेव्हा हिल्मार टोपी घालून आला, खिसे चाचपत. कोटाचे, विजारीचे, पुन्हा कोटाचे.

"लिओना, माझ्या किल्ल्या कुठं गेल्या?"

मी किटली खाली ठेवली. आधी वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत.

"तू टेबलावर ठेवल्यास, काल. स्वतःच्या हातानं."

"मी?" त्याचा आवाज चढला. "मी कशाला ठेवीन? कर्टिसनं घेतल्या ना? खरं सांग. त्या पोराला धीरच नाही."

काहीही सांगता आलं असतं. हरवल्या, सापडतील, कर्टिस डिझेल भरायला गेलाय. सोपं होतं. पण खोट्यानं काय होतं ते मी कालच बघितलं होतं. मी फळीवरून दोन्ही जबडे काढले आणि त्याच्यासमोर ठेवले.

हिल्मार बसला. चष्मा लावला. म्हाताऱ्याचा उचलला, फुगवट्यावर अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. "हा आपला मोठ्या ओढ्यावरचा." मग दुसरा घेतला. "हा साडेतीन. कुणाचा?"

"वाकड्याचा. तू आठ म्हणाला होतास."

"मी?" त्यानं पुन्हा दाढा बघितल्या. "मागचा पाय?"

"उजवा. मोडून जुळलेला."

तो तसाच बसला. जबडा बोटांत फिरवत. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळेना, आणि आज सांगते, अजूनही कळत नाही. ज्याला कालचं आठवत नाही तो माणूस गेलेला म्हणायचा, का रोज नव्यानं तेच बरोबर सुचतं म्हणून शाबूत?

त्यानं चष्मा काढला आणि टोपीही काढून टेबलावर ठेवली.

"मग बरोबर केलं मी," तो म्हणाला. "दे कॉफी."

ते जबडे मी शेडमध्ये नाही टांगले. स्वयंपाकघरातच ठेवलेत, हाताशी, कारण बहुतेक रोज सकाळी लागतात.